मेद आणि मज्जा : एका तुलनेची हकीकत

आयुर्वेदाने शरीराचे जे सात धातू मानले त्यांच्या पंक्तीत मांसानंतर मेद येतो, मेदानंतर अस्थी आणि अस्थीनंतर मज्जा. आणि पुढचा प्रत्येक धातू मागच्या धातूच्या परिपाकातून सिद्ध होतो, असे ते शास्त्र सांगते. या क्रमात अर्वाचीन पेशीविज्ञानाचे बीज हुडकण्याचा मोह ज्यांना होतो त्यांच्याशी मी सहमत होऊ शकत नाही, कारण प्राचीनांची परिभाषा निराळी होती, प्रयोजन निराळे होते आणि प्रमाणे तर सर्वस्वी निराळी होती. तथापि मेदातून अस्थी निर्माण होऊ शकेल काय, आणि होत असेल तर मज्जेच्या हातून घडणाऱ्या अस्थीशी तिची बरोबरी लागेल काय, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाखाली नव्याने उभा राहिला. त्याच्यापायी विद्यापीठे न्यायालयाची पायरी चढली, काही रोग्यांना गुण आला आणि काही रोग्यांची दृष्टी कायमची गेली. ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

या दोन पदार्थांना आपल्या घरांतून मिळणारा मान सारखा नाही. रश्श्यातली नळी कोणाच्या वाट्याला येते इकडे घरातल्या पोरांचे डोळे लागलेले असतात, आणि ती ताटाच्या काठावर आपटून आतला मगज चोखून घेण्यात मोठ्या माणसांनाही संकोच वाटत नाही. चरबी मात्र खाटीक सुरीने बाजूला सारतो, आणि माणसाच्या अंगावर ती चढली असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या माजाविषयी बोलत असतो. विज्ञानाच्या इतिहासातही हाच पंक्तिप्रपंच दीर्घकाळ चालू राहिला. मज्जेची चौकशी शंभर वर्षे अखंड चालू होती, त्या काळात मेद म्हणजे शरीराने साठवून ठेवलेले इंधन, यापलीकडे त्याची फारशी विचारपूस कोणी केली नाही.

मज्जेच्या चौकशीचा आरंभ १८६८ साली झाला. पूर्व प्रशियातील क्यॉनिग्सबर्ग येथे एर्न्स्ट नॉयमान याने सशांची आणि माणसांची हाडे दाबून त्यांतून निघालेला रस भिंगाखाली धरला, आणि त्यात केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी पाहून रक्ताचा उगम हाडांच्या पोकळीत आहे असे जाहीर केले. त्याच वर्षी इटलीतील पाव्हिया येथे जुलिओ बिझ्झोझेरो स्वतंत्रपणे त्याच निर्णयाला आला. हाडांसारख्या निर्जीव भासणाऱ्या ठिकाणी रक्त जन्मते, ही कल्पना समकालीनांच्या गळी सहजी उतरली नाही. पुढे १९०९ साली अलेक्झांडर माक्सिमोव्ह या रशियन पंडिताने रक्तातील सर्व प्रकारच्या पेशी एकाच मूळ पेशीपासून उत्पन्न होतात असे बर्लिनच्या विद्वत्सभेपुढे प्रतिपादन केले, आणि तिच्याकरिता 'मूलपेशी' या अर्थाचा जर्मन शब्द योजला. शब्द मिळाला, पेशी मात्र कोणी डोळ्यांनी ओळखली नव्हती.

ती ओळख पटण्यास एक घोर निमित्त घडावे लागले. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी येथे जे लोक स्फोटाच्या ज्वाळेतून वाचले त्यांपैकी पुष्कळजण काही आठवड्यांनी रक्तक्षय, रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांनी दगावले, कारण किरणोत्साराने त्यांची मज्जा जळून गेली होती. तेव्हा जळालेली मज्जा पुन्हा कशी पेरावी, हा प्रश्न अनेक देशांच्या सरकारांना आणि शास्त्रज्ञांना एकाएकी निकडीचा वाटू लागला. १९४९ साली शिकागोच्या लिऑन जेकबसन याने उंदराची पाणथरी शिशाने झाकून त्याच्यावर किरणांचा घातक मारा केला आणि उंदीर वाचला; दोनच वर्षांनी एगॉन लोरेन्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मज्जेचा रस टोचून तेच साधले. १९५७ साली अमेरिकेत डॉनल टॉमस याने माणसांच्या शिरेतून मज्जा देण्याचा पहिला वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यातील सहा रोग्यांपैकी एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. तरी टॉमस याने तो मार्ग सोडला नाही, आणि १९९० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते याच चिकाटीबद्दल.

मूलपेशीचा पक्का पुरावा मात्र कॅनडातील टोरांटो येथे मिळाला, आणि तो एका रविवारी मिळाला. जेम्स टिल हा भौतिकीचा अभ्यासक आणि अर्नेस्ट मॅक्कलक हा वैद्य, हे दोघे किरणांनी मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना मोजून मापून मज्जापेशी टोचत असत. सुटीच्या दिवशी प्रयोगशाळेत आलेल्या मॅक्कलक याला त्या उंदरांच्या पाणथरीवर लहान लहान गाठी उठलेल्या दिसल्या. त्याने त्या मोजल्या, टोचलेल्या पेशींच्या संख्येशी त्यांचा मेळ घालून कागदावर आलेख काढला, आणि तो सरळ रेषेत आला. दहा हजार पेशींमागे सुमारे एक गाठ, आणि प्रत्येक गाठ एका पेशीची संतती. १९६१ साली हे प्रसिद्ध झाले, आणि १९६३ मध्ये अँड्रू बेकर या त्यांच्या शिष्यासह त्यांनी एका गाठीतील सर्व पेशी एकाच पूर्वजाच्या आहेत हे गुणसूत्रांवरील खुणांनी सिद्ध केले.

या परंपरेचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत आला आहे. २० मार्च १९८३ रोजी टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त अशा नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. भारतातील हे पहिले मज्जारोपण होय. बालपणी पोलिओ झाल्यामुळे चाकांच्या खुर्चीतून वावरणाऱ्या या वैद्याने ते जोखमीचे काम मुंबईत उभे केले, ही गोष्ट महाराष्ट्राने अभिमानाने स्मरावी अशी आहे. परंतु येथे वाचकाने एक भेद पक्का ध्यानात धरला पाहिजे, कारण पुढचा सारा घोटाळा या भेदाच्या विस्मरणातून झाला. मज्जेच्या घरात दोन कुळे नांदतात. एक कूळ रक्त घडवते. मुंबईत त्या मुलीला दिले गेले ते हेच. दुसरे कूळ रक्त घडवीत नाही. ते त्या घराच्या भिंती, खांब आणि ओटे बांधते, हाडे घडवते, आणि रक्त घडविणाऱ्या कुळाला आश्रय देते. मेदाशी तुलना होते ती या दुसऱ्या कुळाची. पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशींनी रक्ताचा कर्करोग बरा होईल काय, असे विचारणारे सुशिक्षित लोक मला भेटले आहेत, आणि त्यांच्या हाती ज्यांनी तशी आशा दिली त्यांचा मला मनापासून राग येतो.

हे दुसरे कूळ ज्याने प्रथम वेगळे करून दाखविले तो अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन हा माझ्या मते या सर्व इतिहासाचा खरा नायक आहे. कीव्ह येथे १९२४ साली जन्मलेला हा मनुष्य मॉस्कोच्या गमालेया संस्थेत काम करीत होता. मूत्राशयाच्या अस्तराच्या सान्निध्यात इतर ऊतींतून हाड उगवते, या जुन्या आणि चमत्कारिक निरीक्षणाच्या मागे तो प्रथम लागला, आणि तेथून त्याचे लक्ष मज्जेकडे वळले. १९६६ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मज्जेच्या पेशी सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांनी बंद केलेल्या इवल्याशा डबीत भरून ती डबी प्राण्याच्या उदरात ठेवली. डबीत बाहेरचा रस शिरे, पण बाहेरची पेशी शिरत नसे. आणि तरीही डबीत हाड तयार झाले. म्हणजे ते मज्जेच्याच पेशींनी घडविले होते. दोन वर्षांनी त्याने याहून निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. एका प्राण्याची मज्जा त्याने दुसऱ्या प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या आवरणाखाली रोवली. तेथे हाडाची एक लहानशी कुपी तयार झाली आणि तिच्या पोकळीत रक्त घडू लागले. तपासणी केली तेव्हा हाड दात्याचे निघाले आणि रक्त यजमानाचे! पाहुणा आला, त्याने परक्या गावात घर बांधले, आणि गावकरी त्या घरात राहावयास आले.

दुसरी त्याची रीत अधिक साधी होती. गिनीपिगच्या मज्जेचा रस पोषकद्रवात मिसळून तो काचेच्या सपाट भांड्यात ओतावयाचा, ऊबदार पेटीत ठेवावयाचा, आणि काही दिवसांनी वरचा द्रव हळूच काढून टाकावयाचा. रक्ताच्या पेशी तरंगत असतात, त्या द्रवाबरोबर निघून जातात. तळाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या काही पेशी चिकटून राहतात, दोन्ही टोकांना निमुळत्या, सुताच्या चातीसारख्या. आठवडा-दीड आठवडा गेला की त्या प्रत्येकीभोवती तिच्या लेकींचा मेळा जमतो, आणि रंग चढविल्यावर भांड्याच्या तळाशी साध्या डोळ्यांना गोल ठिपके दिसू लागतात. टोरांटोकरांनी पाणथरीवरच्या गाठी मोजल्या तसे याने हे ठिपके मोजले. पेशी दुप्पट घातल्या तर ठिपके दुप्पट होत. अर्थात एक ठिपका म्हणजे एका पेशीचा वंश. १९७० च्या त्या लेखात फ्रीडेनश्टाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या पेशींना एक लांबलचक आणि सावध नाव दिले, ज्याचा अर्थ तंतुजनक पेशींचे पुंजके निर्माण करणारे घटक, एवढाच होता. जे दिसले तेवढेच नावात घातले. त्याच्या ताटलीची साक्ष एक होती आणि देहात रोवलेल्या कुपीची साक्ष दुसरी. या दोन्ही साक्षी जुळल्याखेरीज तो कोणत्याही पेशीला मूलपेशीची पदवी देण्यास तयार नव्हता, आणि ऑक्सफर्डच्या मॉरीन ओवेन यांच्यासह १९८८ साली लिहिलेल्या निबंधात जेव्हा त्याने ती पदवी वापरली, तेव्हा तिच्यामागे वीस वर्षांचे परिश्रम उभे होते.

यानंतर नामकरणाचा प्रसंग आला. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे आर्नल्ड कॅप्लन हा कोंबडीच्या गर्भातील पायाची कळी पाहण्यात आयुष्याची कित्येक वर्षे घालविलेला जीवशास्त्रज्ञ होता. गर्भाच्या मधल्या थरातून हाड, कूर्चा, स्नायू आणि मेद हे सर्व कसे वेगळे होत जातात हे त्याने पाहिले होते. तसाच एखादा अवशेष प्रौढ माणसाच्या मज्जेत शिल्लक असावा, अशा तर्काने १९९१ साली त्याने या पेशींना 'मेसेन्कायमल मूलपेशी' असे नाव दिले. नाव भव्य होते, आणि ते वणव्यासारखे पसरले. १९९९ साली बॉल्टिमोर येथील मार्क पिटेंजर आणि सहकाऱ्यांनी पन्नासहून अधिक दात्यांच्या कमरेच्या हाडांतून काढलेल्या मज्जेवर प्रयोग करून, तीच पेशी एका रसात ठेवली तर चुन्याचा साठा करून हाडाच्या मार्गाला लागते, दुसऱ्या रसात ठेवली तर तेलाचे थेंब धरते, आणि गोळी करून नळीच्या तळाशी ठेवली तर कूर्चा होते, असे दाखविले. रंगाने माखलेले चुन्याचे डाग आणि तांबड्या रंगाने भरलेले मेदबिंदू, ही त्या लेखातील चित्रे पुढे शेकडो लेखांतून प्रमाणपत्रासारखी फिरली. फ्रीडेनश्टाइन याची दुसरी साक्ष मात्र या धामधुमीत मागे पडली. ताटलीत तीन रंग दिसले की खटला निकालात निघाला, अशी वहिवाट पडली.

याच सुमारास उपेक्षित मेदाचे भाग्य उघडले. त्याचा दरवाजा खरे तर १९६४ सालीच उघडला होता. मार्टिन रॉडबेल याला इन्शुलिन मेदपेशीवर कसे कार्य करते हे पाहावयाचे होते. त्याने उंदराच्या मेदाचे बारीक तुकडे केले, कोलॅजेनेझ नावाचे विकर घालून ते शरीराच्या उष्णतेइतक्या ऊबेत हलविले, आणि हलक्या हाताने फिरकीच्या यंत्रात टाकले. लोणी ताकावर यावे तशा तेलाने भरलेल्या मेदपेशी वर तरंगल्या, आणि तळाशी करड्या-तांबूस गाळाची एक पातळ वडी बसली. रॉडबेल याला वरचा थर हवा होता. तो त्याने उचलला. त्या गाळात रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील आणि त्यांच्या अवतीभवतीच्या पेशी असतात, आणि त्यांच्यातच मेदपेशीचे पूर्वज आहेत हे १९७६ साली टोरांटोच्या संशोधकांनी माणसाच्या मेदावर दाखविलेही. परंतु त्या पूर्वजांना मेदापलीकडे काही होता येत असेल, असे कोणाच्या मनात आले नाही.

ते मनात यावयास सौंदर्यशल्याची एक नवी रीत कारण झाली. सत्तरीच्या दशकात रोम आणि पॅरिस येथील शल्यविशारदांनी पोकळ नळीने अंगावरची चरबी ओढून काढण्याची युक्ती बसविली, आणि १९८७ साली कॅलिफोर्नियाच्या जेफ्री क्लाइन याने ती जागा बधिर करणाऱ्या पातळ द्रवाने फुगवून हे काम फारशा रक्तस्रावाविना करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तेव्हापासून लिटरच्या लिटर मेद दवाखान्यांतून फेकला जाऊ लागला. पिट्सबर्ग विद्यापीठात विल्यम फ्युट्रेल यांच्या विभागातील अ‍ॅडम कॅट्झ आणि रामोन ल्यूल यांनी या टाकाऊ मालातील गाळाकडे लक्ष दिले. त्यातील पेशी तळाला चिकटतात, वाढतात आणि मेदाखेरीज इतर रूपेही घेतात असे त्यांना आढळले. १९९६ साली मार्क हेड्रिक हा शल्यवैद्य वर्षभरासाठी तेथे गेला, आणि लॉस एंजेलिसला परतल्यावर त्याने हे काम मोठ्या प्रमाणावर चालविले. २००१ साली पॅट्रिशिया झुक यांचे नाव अग्रभागी असलेला आणि दोन्ही शहरांच्या संशोधकांनी सह्या केलेला तो प्रसिद्ध लेख बाहेर पडला: माणसाच्या मेदातील पेशींतून हाड, कूर्चा, स्नायू आणि मेद हे चारही मिळू शकतात, असे त्यात म्हटले होते.

लेखावर नावे एकत्र होती. एकस्वाच्या सनदेवर ती नांदू शकली नाहीत. २००४ साली सात संशोधकांच्या नावे सनद निघाली, आणि पिट्सबर्ग विद्यापीठाने लॉस एंजेलिसच्या मंडळींची नावे तीतून वगळावीत म्हणून फिर्याद केली. प्रयोगाच्या वह्या आणि कैफियती न्यायालयात रुजू झाल्या, आणि २००९ साली अपिलातही निर्णय कायम झाला की हेड्रिक येण्यापूर्वीच कॅट्झ आणि ल्यूल यांच्या मनात ही कल्पना पूर्णत्वाला पोहोचली होती, सबब संशोधक तेच. त्या निकालात एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. या पेशी वास्तविक मेदपेशीच मागे उलटून आलेल्या आहेत की स्वतंत्र मूलपेशी आहेत, याविषयी त्या वेळी पूर्ण खात्री नसली तरी चालेल, असे न्यायालयाने मानले. कायद्याला तेवढे पुरत असेल. शास्त्राला ते पुरावयास नको होते.

आता दोघांची समोरासमोर तुलना सुरू झाली, आणि तीत मेदाची पहिली बाजू भक्कम होती यात शंका नाही. मज्जा काढणे म्हणजे काय हे ज्याने पाहिले असेल त्याला ते पटेल. रोगी पालथा किंवा कुशीवर निजलेला असतो, कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेवर कातडी आणि हाडाचे आवरण बधिर केलेले असते, आणि वैद्य जाड सुई मनगटाने पिळत पिळत आत दाबतो. हाडाचे कवच संपले की हाताला एकदम सैलपणा जाणवतो. तोवर रोगी सोसतो. पुढे पिचकारीचा दट्ट्या ओढला जातो तेव्हा जी कळ उठते तिला कोणतेही बधिर करणारे औषध पुरते थांबवू शकत नाही. एवढे करून हाती येते त्यातील दहा हजारांपासून लाख पेशींमागे एखादीच हव्या त्या कुळाची. आणि दाता वृद्ध असेल तर त्याहूनही कमी. मेदाचे तसे नाही. तो पुष्कळ आहे, काढताना त्रास बेताचा आहे, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे अशा पेशी काही हजारांनी मोजता येतात. २००६ साली मानहाइम येथे मज्जा, मेद आणि नाळेतील रक्त यांची तुलना झाली, तीत पेशींचे रूप आणि त्यांच्या पृष्ठभागावरील खुणा तिन्हींत जवळजवळ सारख्या आढळल्या, आणि ठिपक्यांची संख्या सर्वांत अधिक मेदात भरली. त्याच वर्षी या विषयाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने ओळखीच्या तीन कसोट्या ठरवून दिल्या: तळाला चिकटणे, पृष्ठभागावर ठराविक खुणा असणे आणि नसणे, व ताटलीत हाड, मेद आणि कूर्चा होणे. या तिन्ही कसोट्यांना मेद उतरला. तेव्हा दोन्ही एकच, आणि एक स्वस्त, असा निष्कर्ष बाजारात रूढ होण्यास वेळ लागला नाही.

परंतु बारकाईने पाहणाऱ्यांना भेद दिसत होते. २००५ साली कोरियातील अस्थिवैद्यांनी एकाच रीतीने दोन्हींची परीक्षा घेतली, तेव्हा हाड आणि कूर्चा होण्यात मेदाच्या पेशी मज्जेच्या पेशींहून स्पष्टपणे कमी पडल्या. दोन वर्षांनी हायडेलबर्गच्या संशोधकांनी त्याचे एक कारण शोधले: कूर्चा होण्याची आज्ञा ज्या ग्राहीमार्फत पेशीच्या आत पोहोचते तो ग्राही मेदाच्या पेशींत आढळेना, आणि एक निराळे वृद्धिद्रव्य बाहेरून पुरविले तर ती उणीव भरून निघे. पृष्ठभागावरच्या खुणांतही फरक निघाला. एक खूण मेदाच्या पेशींवर असते आणि दुसरी नसते, आणि या दोन खुणांवरून मज्जेच्या पेशींपासून त्या निराळ्या काढता येतात, असे २०१३ साली दोन आंतरराष्ट्रीय मंडळांनी संयुक्तपणे नमूद केले.

खरा निवाडा दिला तो फ्रीडेनश्टाइन याच्या जुन्या परीक्षेने. रोममध्ये पाओलो बियांको हा विकृतिवैद्य अनेक वर्षे कंठरवाने सांगत होता की ताटलीतील तीन रंग हा पुरावा नव्हे. पेशी देहात रोवा आणि ती आपण होऊन काय बांधते ते पाहा. २००७ साली त्याच्या मंडळींनी मज्जेतील रक्तवाहिनीला बिलगून राहणारी ती पेशी ओळखली, जी उंदराच्या कातडीखाली रोवली असता हाडाची कुपी बांधते आणि तीत रक्त घडविणारी मज्जा वसविते. २०१५ साली ऑस्ट्रियन आणि अमेरिकन संशोधकांनी हीच परीक्षा मज्जा, मेद, नाळ आणि त्वचा या चारही ठिकाणच्या पेशींची घेतली. ताटलीत त्या जवळजवळ जुळ्या बहिणी होत्या. देहात मात्र मज्जेच्या पेशींनी प्रथम कूर्चा केली, कूर्चेचे हाड केले, हाडात पोकळी केली आणि पोकळीत रक्ताला जागा दिली. मेदाच्या, नाळेच्या आणि त्वचेच्या पेशींना यांतले काहीच करता आले नाही. त्यांच्या जनुकांवरच्या रासायनिक खुणाही भिन्न होत्या. पेशी महिनोन्महिने ताटलीत परघरी राहिली तरी आपले माहेर विसरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बियांको त्याच वर्षी निवर्तला. आणि मज्जा, स्नायू, अस्थ्यावरण व नाळरक्त यांतील या पेशी एकरूप नाहीत असे दाखविणारा त्याच्या मंडळींचा लेख पुढच्या वर्षी, त्याच्या पश्चात, प्रसिद्ध झाला.

मग या पेशींचा रोग्याला उपयोग नाही काय? आहे, पण तो नावावरून वाटतो त्या प्रकारचा नाही. परक्याची मज्जा दिल्यावर कधी कधी तिच्यातील रक्षक पेशी यजमानाच्या देहावरच उलटतात. अशा उलटलेल्या मज्जेने आतडे आणि यकृत यांची दुर्दशा झालेल्या नऊ वर्षांच्या मुलाला स्टॉकहोम येथे काटरीना ल ब्लां यांनी त्याच्या आईच्या मज्जेतून वाढविलेल्या या पेशी दिल्या, आणि सर्व औषधांना दाद न देणारा तो विकार हटला. २००४ च्या त्या वृत्तांताने वैद्यकाची दिशा बदलली. या पेशी नवी ऊती बांधत नव्हत्या. त्या क्षुब्ध झालेल्या रक्षकांना शांत करीत होत्या. मेदाच्या पेशींतही तो गुण आहे. माद्रिदच्या दामियान गार्सिया-ओल्मो यांनी आतड्याच्या क्रोनच्या विकारातून होणाऱ्या भगंदरावर त्यांचा वापर केला आणि पुढे २१२ रोग्यांच्या चाचणीत पेशी मिळालेल्यांपैकी निम्मे, तर न मिळालेल्यांपैकी शेकडा ३४ बरे झाले. त्या आधारावर २०१८ साली युरोपात मेदाच्या पेशींच्या औषधाला परवाना मिळाला.

याच काळात नावाच्या जोरावर दुसराच व्यापार फोफावला. इटलीत एका प्रतिष्ठानाने मज्जेच्या पेशींपासून मज्जातंतू करण्याचा दावा करून असाध्य रोगांच्या बालकांवर सरकारी रुग्णालयात प्रयोग चालविले, जनतेच्या दडपणाखाली सरकार त्याला निधी देण्यास निघाले, आणि बियांको व त्याच्या सहकाऱ्यांनी निंदा सोसून तो प्रकार उघडकीस आणला. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात २०१५ साली तीन वृद्ध स्त्रियांच्या पोटाची चरबी काढून, तिच्यातील गाळ त्याच दिवशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत टोचण्यात आला. उतरत्या दृष्टीच्या त्या स्त्रियांची होती ती दृष्टीही गेली. सकाळी मेद काढावा आणि दुपारी टोचावा, इतकी सुलभता मज्जेच्या बाबतीत नव्हती; मेदाचा जो गुण तोच येथे घातक ठरला. कॅप्लन याला हे पाहवले नाही. ज्या मनुष्याने 'मेसेन्कायमल मूलपेशी' हे नाव दिले त्यानेच २०१७ साली, ते नाव बदला, या पेशी औषधी संकेत देणाऱ्या आहेत, मूलपेशी या शब्दाने रोग्यांची दिशाभूल होते आहे, असे जाहीरपणे लिहिले. स्वतः ठेवलेले आणि जगभर झालेले नाव मागे घेण्यास मनाचा मोठेपणा लागतो. पण नाव तोवर पाट्यांवर चढले होते, आणि पाट्या उतरल्या नाहीत.

आपल्याकडेही त्या पाट्या आहेत. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे, रक्ताच्या ठराविक विकारांसाठी होणारे मज्जारोपण सोडले तर मूलपेशींचा रोग्यावरील वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करावयाचा असतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रोग्याकडून त्याचे मोल घ्यावयाचे नसते. तेव्हा गुडघ्यासाठी, मतिमंद लेकरासाठी किंवा वार्धक्यासाठी कोणी पोटातल्या चरबीच्या पेशी विकू लागला, तर त्याच्याकडे चाचणीची नोंद मागावी, आणि त्याने ती दाखविली नाही तर उठून घरी यावे.

युरोपात परवाना मिळालेल्या मेदाच्या औषधाची दुसरी मोठी चाचणी २०२३ साली अयशस्वी ठरली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते औषध युरोपच्या बाजारातून मागे घेण्यात आले. त्याच महिन्यात, १८ तारखेला, अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी दोनदा परत पाठविलेला अर्ज अखेर मंजूर करून, उलटलेल्या मज्जेने आजारी पडलेल्या बालकांसाठी दात्याच्या मज्जेतून वाढविलेल्या पेशींच्या औषधाला परवाना दिला. त्याच्या चाचणीत ५४ मुले होती. कॅप्लन त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला होता.